वाळूच्या खडकांची साक्ष

बेळगाव आणि निपाणी या भागातील सीमेविषयी १९५६ सालापासून आजवर पुष्कळ बोलले आणि लिहिले गेले आहे. ती सीमा माणसांनी आखलेली आहे आणि तिची कथा या भागातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. परंतु याच प्रदेशातून आणखी एक सीमा गेली आहे. तिच्यावर नाके नाही, फलक नाही, आणि तिच्यासाठी कोणी कधी भांडलेही नाही. ती खडकांची सीमा होय. एका बाजूस काळा कातळ आणि दुसऱ्या बाजूस वाळूचा तांबूस खडक, असे तिचे स्वरूप आहे.

ही सीमा पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. निपाणीहून संकेश्वर, हुक्केरी या मार्गाने गोकाकला जाणाऱ्या माणसाने गाडीच्या खिडकीतून जमिनीच्या रंगाकडे लक्ष ठेवले म्हणजे पुरे. निपाणीच्या आसपास तंबाखूची, उसाची, ज्वारीची काळी जमीन आहे. तेथे विहीर खणली की थोड्याच खोलीवर काळा कातळ लागतो. पूर्वेकडे जाऊ लागले की हळूहळू माती उथळ होते, तिच्यात तांबूसपणा येतो, आणि गोकाकजवळ तर सपाट माथ्याचे, भिंतीसारखे सरळ तुटलेले कडे समोर उभे राहतात. अशाच एका कड्यावरून घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते.

पावसाळ्यात गोकाकचा धबधबा पाहण्यास हजारो माणसे जातात. १८८७ साली सुरू झालेली तेथील सूतगिरणी आणि नदीवरील झुलता पूलही त्यांना पाहावयाचा असतो. सगळ्यांची दृष्टी अर्थातच पाण्यावर असते. परंतु उन्हाळ्यात, पाणी आटल्यावर जो कोणी तेथे जाईल, त्याला पाण्यामागचा कडा दिसेल. वह्यांची चवड रचून ठेवावी तसे खडकाचे थर तेथे एकावर एक बसलेले आहेत. थोडे जवळ जाऊन पाहिले तर आणखी एक नवल दिसते. आडव्या थरांच्या पोटात, एका अंगाला कललेल्या बारीक तिरप्या रेषा आहेत. एका थरातील रेषा एका बाजूस झुकलेल्या, तर वरच्या थरातील रेषांचा कल काहीसा निराळा. शाळकरी मुलाने पाटीवर ओळीने रेघोट्या ओढाव्या, तशा त्या दिसतात. या रेघोट्या कोणी ओढल्या, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम ही वाळू आली कोठून, ते पाहिले पाहिजे. वाळूचा कण म्हणजे बहुतांशी गारगोटीचा कण. निपाणीच्या काळ्या कातळात गारगोटीचे असे कण नसतात. म्हणून तो झिजला की त्याची चिकण काळी माती होते, वाळू होत नाही. गारगोटीचे कण येतात ते ग्रॅनाइटसारख्या अतिप्राचीन खडकांच्या झिजण्यातून. तेव्हा गोकाकच्या कड्यातील प्रत्येक कण हा त्याहूनही जुन्या कोणत्या तरी डोंगराचा अवशेष आहे. तो डोंगर आज नाही. ऊनपावसाने तो फोडला, त्याचे तुकडे वाहून गेले, घासले गेले, आणि शेवटी एका सखल प्रदेशात येऊन साचले. पुढे त्यांच्यावर आणखी थर चढले, मधल्या फटींत सिकता आणि लोह यांचे पाण्यातून आलेले द्रव्य बसले, आणि मोकळ्या वाळूचा दगड झाला. तांबूस रंग आहे तो या लोहाचाच.

या खडकांचा पहिला पद्धतशीर अभ्यास रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने केला. दक्षिण मराठा मुलुखाच्या भूरचनेवरील त्याचा ग्रंथ १८७६ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने प्रसिद्ध केला. बागलकोटजवळचे कलादगी हे गाव त्या काळी जिल्ह्याचे ठिकाण होते. त्याच्या नावावरून हे खडक ‘कलादगी’ खडक म्हणून ओळखले जातात. गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग, बदामी हा सारा पट्टा त्यांचाच. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर महाराष्ट्रातून जाणारे यात्रेकरू पायांखाली याच घराण्यातील दगड तुडवीत असतात. बदामीची लेणी याच घराण्यातील वालुकाश्मात कोरलेली आहेत. त्यांतील तिसऱ्या लेण्यात इ. स. ५७८ चा लेख आहे. चौदाशे वर्षांचे ते लेणे आपणास अतिप्राचीन वाटते. परंतु ज्या दगडात ते कोरले, तो अदमासे शंभर कोटी वर्षांच्या घरातला आहे. निपाणीचा काळा कातळ त्या मानाने अगदी अलीकडचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून निघालेला लाव्हा दख्खनवर पसरला आणि या जुन्या खडकांचा पश्चिम भाग त्याने झाकून टाकला. बेळगाव-निपाणीच्या मध्ये जी खडकांची सीमा आहे, ती या लाव्ह्याच्या पदराची कड होय.

आता त्या तिरप्या रेषांकडे वळू. घरबांधणीच्या जागी वाळूचा ढीग पडलेला सर्वांनीच पाहिला आहे. त्या ढिगावर वरून आणखी वाळू ओतली तर ती उतारावरून घसरत जाते आणि ठराविक कोनापाशी थांबते. कोरड्या वाळूचा हा कोन साधारणतः ३० ते ३४ अंशांचा असतो. कितीही प्रयत्न केला तरी त्याहून उभा उतार टिकत नाही. नदीच्या तळाशी वाळूचे लहान लहान उंचवटे असतात. पाणी त्यांच्या एका अंगाने कण वर चढवते आणि दुसऱ्या अंगाने खाली सोडते. खाली सुटलेला प्रत्येक थर उताराला चिकटून तिरपा बसतो. उंचवटा असाच पुढे सरकत राहतो आणि मागे तिरप्या थरांची रांग राहते. वाऱ्याने उडणाऱ्या वाळूच्या टेकड्याही याच रीतीने सरकतात आणि त्यांच्याही पोटात अशाच तिरप्या रेषा राहतात. म्हणजे रेषा दिसल्या एवढ्यावरून वाळू वाहत आली इतकेच ठरते. तिला पाण्याने आणले की वाऱ्याने, हे ठरविण्यासाठी आणखी साक्षीपुरावे घ्यावे लागतात.

वाऱ्याच्या सवयी शेतकऱ्याइतक्या कोणास ठाऊक नसतील. मळणी झाली की खळ्यावर वावडी उभी करतात, आणि वाऱ्याची दिशा पाहून शेतकरी सुपातून धान्य सोडू लागतो. टपोरे दाणे पायाशी पडतात, हलके दाणे थोडे पलीकडे पडतात आणि भूस उडून दूर जाते. वारा निवड करतो, आणि ती अतिशय काटेकोरपणे करतो. वाळूच्या बाबतीतही तो हेच करतो. गोटे त्याला हलवता येत नाहीत, म्हणून ते मागे राहतात. बारीक धूळ आणि अभ्रकाचे पातळ पापुद्रे तो आकाशात उडवून दूर नेतो. मध्ये उरते ती एकसारख्या आकाराची वाळू. पाण्याचे तसे नाही. पूर आलेली नदी गोटा, खडा, वाळू आणि गाळ अशा सर्वांना एकाच गर्दीत ओढून नेते, आणि ओसरताना त्यांना सरमिसळ टाकून जाते.

दुसरा पुरावा कणाच्या रूपाचा. इंग्रज लष्करातील अभियंता राल्फ बॅग्नोल्ड याने लिबियाच्या वाळवंटात प्रवास केला, नंतर प्रयोगशाळेत वाऱ्याचा बोगदा करून वाळूच्या हालचालीचे निरीक्षण केले आणि १९४१ साली त्यावर ग्रंथ लिहिला. वाळूचे कण वाऱ्याबरोबर धुळीप्रमाणे आकाशात तरंगत जात नाहीत. ते जमिनीलगत उड्या मारीत जातात, हे त्याने दाखवून दिले. एक कण उडी मारून खाली पडतो, पडताना दुसऱ्याला धक्का देतो, तो उडतो आणि तिसऱ्यावर आदळतो. पाण्यात अशा टकरी सौम्य होतात, कारण पाणी मध्ये गादीसारखे राहते. हवेत ती गादी नसते. म्हणून वाऱ्याने फिरविलेल्या कणाचे कोपरे झिजून तो राळ्याच्या दाण्यासारखा गोल होतो, आणि त्याची चकाकी जाऊन त्यावर घासलेल्या काचेसारखा धुरकटपणा येतो. साधे भिंग घेऊन पाहिले तरी हा फरक पुष्कळदा ध्यानात येतो.

तिसरा पुरावा लाटांच्या ठशांचा. ओढ्याच्या तळाशी वाळूवर लाटांसारख्या वळ्या पडतात, तशा त्या वाऱ्यानेही पडतात. परंतु वाऱ्याच्या वळ्या फार ठेंगण्या असतात. दोन वळ्यांमधील अंतर त्यांच्या उंचीच्या पंधरापटीहून सामान्यतः अधिक भरते. शिवाय अशी वळी पुढे सरकताना तिच्या खोलगट भागात बारीक कण बसतात आणि माथ्यावरचे भरड कण त्यांच्यावर पसरतात. त्यामुळे खडकात सुतासारख्या बारीक, एकसारख्या रेषा उमटतात. वाऱ्याच्या वाळूची ही जवळजवळ सही समजली जाते. चौथा पुरावा आकारमानाचा. नदीतील उंचवटे नदीच्या खोलीहून मोठे होऊ शकत नाहीत. वाऱ्याच्या टेकड्यांना अशी मर्यादा नाही. अमेरिकेतील झायन दरीत तिरप्या रेषांचे एकेक थर कित्येक मीटर जाडीचे आहेत, आणि त्या साऱ्या वालुकाश्माची जाडी ६०० मीटरांच्या घरात आहे. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीचे ते एक अफाट वाळवंट होते.

या कसोट्या गोकाक-बदामीच्या दगडाला लावल्या म्हणजे काय दिसते? तळाशी कित्येक ठिकाणी गोट्यांचे थर सापडतात. गोटे वाऱ्याने येत नाहीत. वाळूमध्ये भरड खडे मिसळलेले दिसतात. तिरप्या रेषांचे बरेचसे थर बेताच्या जाडीचे आहेत. तेव्हा या खडकांचा फार मोठा भाग पाण्याने, आणि त्यातही रुंद, उथळ नद्यांनी आणून टाकला, असा भूशास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. त्या नद्या आजच्या घटप्रभेसारख्या एका पात्रातून वाहणाऱ्या नव्हत्या. वेणीच्या पेडांप्रमाणे त्यांचे अनेक प्रवाह एकमेकांत मिसळत, पुन्हा फुटत, आणि दर पुराबरोबर आपली जागा बदलीत. आज जेथे घटप्रभा कड्यावरून कोसळते, तेथे तिच्या शंभर कोटी वर्षे आधी दुसरीच एक अनामिक नदी वाहून गेलेली आहे, आणि त्या नदीची वाळू आजची नदी पुन्हा कणाकणाने मोकळी करीत आहे.

मग वाऱ्याने आणलेल्या वाळूचा खडक या बाजूला नाहीच काय? दख्खनच्या पठारावर कलादगीसारखी आणखीही प्राचीन खोरी आहेत. भारतीय भूशास्त्रात त्यांना ‘पुराण’ हे आपलेच नाव रूढ झालेले आहे. त्यांपैकी एक खोरे प्राणहिता आणि गोदावरी यांच्या काठी आहे. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंच्याजवळ या दोन नद्यांचा संगम होतो. तेलंगणातील मंचेरियालच्या परिसरात या खोऱ्यातील वेंकटपूर वालुकाश्म म्हणून खडक आहे. भारतीय सांख्यिकी संस्थेतील भूशास्त्रज्ञ तपन चक्रवर्ती यांनी त्याचा तपशीलवार अभ्यास करून १९९१ साली तो प्रसिद्ध केला. एकसारखे गोल कण, सुतासारख्या बारीक रेषा, उतारावरून घसरलेल्या कोरड्या वाळूच्या जिभा आणि टेकड्यांच्या मधल्या सपाट जमिनीचे थर या सर्वांची जुळणी करून त्यांनी दाखवून दिले, की हे एका प्राचीन वाळवंटाचे अवशेष आहेत. ज्या गोदावरीच्या काठी आज भातशेती आहे, तेथे एके काळी वाळूच्या टेकड्या सरकत होत्या.

याहून मनोरंजक गोष्ट शेजारच्या दुसऱ्या थरांत आढळली. तेथे नदीने आणलेली वाळू आणि वाऱ्याने आणलेली वाळू यांचे थर एकमेकांत गुंतलेले आहेत. पुराने वाळू आणून पसरावी, पाणी ओसरताच वाऱ्याने ती उचलून तिच्या टेकड्या कराव्या, पुन्हा पूर यावा आणि त्या टेकड्या कापून न्याव्या, असा हा खेळ दीर्घकाळ चालला होता. दोघांनीही आपापली नोंद त्याच वहीत, आळीपाळीने केली.

येथे एक शंका मनात येणे साहजिक आहे. वाऱ्याने उभारलेली टेकडी ही जगातील अत्यंत अस्थिर वस्तू. आज येथे, तर उद्या पलीकडे. तिचा खडक होऊन ती कोट्यवधी वर्षे टिकलीच कशी? याचे उत्तर असे, की टेकडी टिकत नाही, तिचा पाया टिकतो. जमीन हळूहळू खचत असेल आणि वाळूचा पुरवठा चालू असेल, तर मागून येणारी टेकडी पुढच्या टेकडीच्या पायावर किंचित चढून जाते. शिखर उडून जाते, तळाचा काही मीटरांचा भाग तेवढा दबून राहतो. दुसरा साहाय्यकर्ता म्हणजे भूजल. सकाळी अंगणात सडा घातला की धूळ उडत नाही, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. वाळवंटाच्या पोटातही पाणी असते. वारा कोरडी वाळू उडवीत खाली खाली जातो, परंतु ओलाव्यापाशी आला की त्याचे काही चालत नाही. त्या पातळीखालची वाळू वाचते.

तिसरा मार्ग क्वचित घडणारा, परंतु बेळगाव-निपाणीच्या माणसास विशेष जवळचा वाटावा असा आहे. दक्षिण अमेरिकेत ब्राझील आणि त्याच्या शेजारच्या देशांत सुमारे साडेतेरा कोटी वर्षांपूर्वी एक विस्तीर्ण वाळवंट होते. निपाणीच्या कातळासारखाच लाव्हा तेथे भूगर्भातून आला आणि त्या टेकड्यांवर पसरला. आफ्रिकेच्या नामिबियात तर या लाव्ह्याखाली टेकड्यांचे आकारही जसेच्या तसे राहिलेले आढळतात. त्या वेळी हे दोन्ही खंड एकमेकांस लागून होते. ब्राझीलकडील त्या गाडलेल्या वाळूत आज पाण्याचा प्रचंड साठा आहे, आणि चार देशांखाली तो पसरलेला आहे. वाळवंटाने आपल्या पोटात पुढच्या युगांसाठी पाणी राखून ठेवावे, हा योगायोग मोठा विलक्षण होय.

आता या सर्व विवेचनातून जो मुख्य मुद्दा हाती लागतो, त्याकडे यावयाचे. गोकाकची नदी पात्र बदलीत सैरावैरा का धावत होती? गोदावरीकाठी वाऱ्याला एवढी वाळू मोकळी कशी मिळाली? दोहोंचे एक मोठे कारण समान आहे. त्या काळी जमिनीवर गवताचे एक पातेही नव्हते. भूमीवर वनस्पती अवतरल्या त्या सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी, आणि खोल मुळे असलेली झाडे त्यानंतर आली. त्याआधीची सारी भूमी उघडी होती. नदीचे काठ बांधून ठेवण्यास मुळे नव्हती, म्हणून नदी हवी तशी पसरे. वाळू धरून ठेवण्यास गवत नव्हते, म्हणून वारा हवी तेवढी वाळू उचली. आज आपण वाळवंट म्हटले की पावसाचा अभाव असे समजतो. त्या युगात मात्र जेथे पाऊस पडत होता, नद्या वाहत होत्या, तेथेही वाळू उडत होती. पाऊस नसणे हे वाळवंटाचे एक कारण झाले. मुळे नसणे हे दुसरे, आणि बहुधा अधिक मूलभूत कारण होय. मंगळावर वनस्पती नाहीत. २००४ साली तेथे उतरलेल्या ‘ऑपॉर्च्युनिटी’ या यंत्रास तेथेही वाऱ्याने रचलेल्या वाळूचे प्राचीन खडक आढळले.

हा नियम केवळ प्राचीन काळापुरता आहे असे मात्र नाही. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील पोरबंदरी दगड मुंबईच्या अनेक जुन्या इमारतींना लावलेला आहे. तो समुद्रातील सूक्ष्म जीवांच्या कवचांची वाळू जुळून झालेला आहे. समुद्रापासून दूर, टेकड्यांच्या उतारांवरही त्याचे थर चढलेले आढळतात. ते वाऱ्याने नेलेले आहेत. भूशास्त्राच्या हिशेबाने ही कालपरवाची गोष्ट आहे. बेळगावची मंडळी चोर्ला घाट उतरून गोव्यात जातात. पेडणे तालुक्यात मोरजी, मांद्रे, हरमल या किनाऱ्यांवर वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या त्यांना दिसतील. त्या टेकड्यांवर जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली असते. किनाऱ्यावरील लोकांनी तिला ‘मर्यादवेल’ असे नाव दिले आहे. तिच्याच सोबतीला ‘रावणाच्या मिशा’ नावाचे काटेरी गवत असते. ज्याने कोणी प्रथम मर्यादवेल हे नाव उच्चारले, त्याने भूशास्त्राचा ग्रंथ वाचलेला नसेल. परंतु वाळूला मर्यादा घालते ती ही वेल, हे त्याने अचूक ओळखले होते. वेल काढली की वाळू घरात येते, हे किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही.

मर्यादा काढून घेतली म्हणजे काय होते, याचा धडा अमेरिकेने १९३० नंतरच्या दशकात घेतला. तेथील मध्यवर्ती मैदानांवर सहस्रावधी वर्षांचे गवत होते. ते नांगरून तेथे गहू पेरण्यात आला. पुढे सलग अवर्षण पडले. पीक वाळले, आणि गवत तर आधीच गेलेले होते. उघडी पडलेली माती वाऱ्याने उचलली. १४ एप्रिल १९३५ या दिवशी उठलेल्या धुळीच्या वादळाने भर दिवसा काळोख केला. लक्षावधी माणसांना घरदार सोडून परागंदा व्हावे लागले. त्याच वर्षी त्या देशाने मृद्संधारणासाठी स्वतंत्र खाते स्थापन केले. शंभर कोटी वर्षांपूर्वीची उघडी भूमी काही वर्षांच्या अवधीत परत आणता येते, हे त्या प्रसंगाने सिद्ध केले.

बेळगाव जिल्ह्यात असे काही होणार नाही, असे म्हणून स्वस्थ बसता येईल काय? पश्चिमेस आंबोलीला वर्षाकाठी ७,००० मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो. तेथून शंभर किलोमीटरांच्या आत असलेल्या गोकाकला त्याच्या दहाव्या हिश्शाइतका पाऊसही कसाबसा पडतो. इतक्या थोड्या अंतरात एवढा फरक असलेले प्रदेश फार थोडे असतील. गोकाक, रामदुर्ग, सौंदत्तीच्या माळांवर वालुकाश्मावर मातीचा जो थर आहे, तो कित्येक ठिकाणी वीतभरही नाही. त्याला धरून ठेवते ते कुसळी गवत, काही काटेरी झुडपे आणि बांधावरची बाभळ. हे माळ पडीक आहेत, असे सरकारी कागदावर लिहिले जाते आणि गावकरीही तसेच म्हणतात. पडीक म्हणून त्यांचा मुरूम उकरला जातो, दगड फोडला जातो, झुडपे सरपणाला जातात. वैशाखात त्याच माळांवर वावटळी फिरू लागतात, तेव्हा लोक दाराला कड्या लावून घेतात आणि हवामानाला बोल लावतात.

नदीच्या वाळूचेही तेच. घटप्रभा आणि मलप्रभा या जुन्या वालुकाश्मावरून वाहतात, म्हणून त्यांच्या पात्रात वाळू आहे. केवळ काळ्या कातळावरून वाहणाऱ्या नद्यांना हे भाग्य तितके लाभत नाही. एक अनामिक नदी कोट्यवधी वर्षांपूर्वी ती वाळू येथवर घेऊन आली, नंतर तिचा दगड झाला, आणि आज तो दगड झिजून ती पुन्हा मोकळी होत आहे. ती भरून येण्याचा वेग ठरलेला आहे, आणि तो खडकाच्या झिजण्याचा वेग आहे. उपसण्याचा वेग मात्र यंत्रांचा आहे. पात्रातील वाळू पाणी धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना पुरवते. ती गेली की विहिरी आटतात. पर्यावरण परवान्याशिवाय वाळू उपसू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले आहे. परंतु न्यायालयाचा शब्द नदीकाठी पाळला जातो तो अखेर गावकऱ्यांच्या जागरूकतेनेच.

या भागातील शाळांच्या सहली दरवर्षी गोकाकला आणि बदामीला जातात. मुलांना धबधब्याची उंची सांगितली जाते, लेण्यांची सनावळी सांगितली जाते. तीही सांगितलीच पाहिजे. परंतु बदामीच्या लेण्यातील एखाद्या खांबापाशी मुलांना क्षणभर उभे करून, शिल्पकाराच्या छिन्नीच्या आधीपासून त्या दगडात असलेल्या तिरप्या रेषाही दाखविल्या जाव्यात. मुलांच्या हाती एक साधे भिंग द्यावे. कण गोल आहे की कोपऱ्यांचा, रेषा जाड आहे की सुतासारखी, मध्ये खडा आहे की नाही, हे त्यांनाच पाहू द्यावे आणि पाणी की वारा, याचा निवाडा त्यांनाच करू द्यावा. निवाडा चुकला तरी बिघडत नाही. पाहण्याची सवय लागते.

आणि परतीच्या वाटेवर, माळावरील कुसळी गवताचा एक ठोंब उपटून न काढता, केवळ बोटांनी माती बाजूस करून त्याची मुळे त्यांना दाखवावीत. वारा आणि पाणी या दोघांनाही शंभर कोटी वर्षांपूर्वी जे आवरणारे कोणी नव्हते, ते आवरण्याचे काम आज ही बोटभर लांबीची मुळे करीत आहेत. जुन्या वाळूचे खडक त्याचीच साक्ष देत गोकाकच्या कड्यावर उभे आहेत. त्यांची साक्ष ऐकून माळ राखावयाचा की नाही, हे मात्र त्या माळाच्या आजच्या धन्यांनी ठरवावयाचे आहे.